तीनशे दोन की तीनशे चार? शेजारच्या भांडणातले खून आणि त्यांची अपिलं

सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली पुलिचेर्ला नागराजू खटल्याच्या निकालात माणसं कशाकशावरून जिवावर उठतात याची एक यादीच दिली आहे. झाडाचं फळ तोडणं, दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर, पोरांची भांडणं, एखादा उणा शब्द, एखादी वाकडी नजर. आपल्याकडची वकीलमंडळी या यादीत नळावरची रांग, सांडपाण्याची चारी, शेताचा बांध, गाडी लावायची जागा आणि मिरवणुकीतला डीजे सहज घालतील. कारण क्षुल्लक, माणूस मात्र गेलेला. दोन्ही घरं एकाच गल्लीतली आणि सगळे साक्षीदार दोन्ही घरांना नावानिशी ओळखणारे.

अशा खटल्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली की प्रकरण अपिलात उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे, म्हणजे दोन न्यायमूर्तींसमोर येतं. तिथे वाद कशाचा होतो? वाचकाला वाटतं, मारलं कोणी याचा. काही प्रकरणांत तो होतोही. पण शेजारच्या भांडणात मारणारा बहुधा सर्वांनी पाहिलेला असतो. खरी लढाई होते ती मारताना त्याच्या मनात काय होतं यावर. वकिलांच्या बोलीत सांगायचं तर ‘तीनशे दोन की तीनशे चार’, म्हणजे खून की खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे आकडे 103 आणि 105 झाले. पण गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवसाचा कायदा लागतो, त्यामुळे बोर्डावर आज असलेली बहुतेक अपिलं जुन्याच कलमांची आहेत.

फरक किती? खुनाला जन्मठेप किंवा फाशी; त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाचे दोन भाग आहेत. पहिल्यात ठार मारण्याचा, किंवा मृत्यू ओढवेल अशी इजा करण्याचा हेतू असतो. तिथे जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्यात हेतू नसतो, पण या माराने माणूस मरू शकतो याची जाणीव असते. तिथे दहा वर्षांची कमाल मर्यादा आणि खाली काहीच नाही. नव्या संहितेने पहिल्या भागासाठी किमान पाच वर्षं ठरवून दिली आहेत. या बदलाची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

या भेदाची मुळं शोधताना न्यायालयं आजही मुंबई उच्च न्यायालयाच्या 1876 सालच्या ‘रेग विरुद्ध गोविंदा’ या निकालापर्यंत जातात. प्रकरण साताऱ्याचं. अठरा वर्षांच्या नवऱ्याने बायकोला लाथाबुक्क्यांनी मारलं आणि ती मेली. सत्र न्यायाधीशांनी फाशी सुनावली. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, तेव्हा प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेलं. मृत्यू ‘संभवतो’ अशी इजा आणि मृत्यूला सर्वसाधारणपणे ‘पुरेशी’ ठरणारी इजा यांतलं अंतर त्यांनी समजावून सांगितलं आणि हा खून नव्हे असा निर्णय दिला. साताऱ्याची अपिलं आता मुंबईला जात नाहीत. कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं आणि साताऱ्यासह सहा जिल्हे त्याला जोडले गेले. मेलव्हिलसाहेबांनी घातलेला घोळ की सोडवलेली गाठ, जे काही म्हणाल ते आता तिथे युक्तिवादात येणार.

दुसरा टप्पा 1958 चा, विरसा सिंग खटला. निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. भाल्याचा एकच वार, पोटात. बचाव असा की ठार मारायचा हेतू नव्हता. बोस यांचं उत्तर सरळ होतं. हेतू ठार मारण्याचा होता का, हे विचारू नका. जी जखम झाली तीच जखम करायची होती का, एवढं पाहा. ती ठरवून केलेली असेल आणि डॉक्टरांच्या मते सर्वसाधारण परिस्थितीत मृत्यू घडवायला पुरेशी असेल, तर तो खूनच.

म्हणून सत्र न्यायालयात डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहिले की सरकारी वकील एक प्रश्न विसरत नाहीत: ‘ही जखम निसर्गक्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का?’ डॉक्टर ‘होय’ म्हणतात आणि ते एक वाक्य नोंदलं जातं. दहा वर्षांनी अपिलाच्या पेपरबुकातून तेच वाक्य दोन्ही बाजू वाचून दाखवतात. उलटतपासात बचावाच्या वकिलाने कवटीची जाडी, इस्पितळात पोचायला लागलेला वेळ, उपचारातली दिरंगाई, दगडावर पडूनही तशीच जखम होऊ शकते का, यांपैकी काही विचारलं असेल तर अपिलात बोलायला जागा राहते. ‘मी खोटं सांगत आहे हे म्हणणं खरं नाही’ एवढ्यावरच उलटतपास उरकला असेल, तर उच्च न्यायालयातला नामांकित वकीलही हात चोळत बसतो.

मारणाऱ्याने मर्मावर घाव घातला नाही म्हणून तो सुटतो असंही नाही. 1976 च्या पुन्नय्या खटल्यात आंध्रातल्या गावकीच्या वैरातून पंचावन्न वर्षांच्या माणसाला बसमधून ओढून काढून जाड काठ्यांनी हातापायांवर झोडपलं होतं. उच्च न्यायालयाने ते तीनशे चारच्या दुसऱ्या भागात बसवलं. सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा परत आणली. ठरवून आलेला जमाव, हत्यारं सोबत, निःशस्त्र म्हातारा आणि जखमांची संख्या हे सगळं एकत्र पाहायचं असतं.

आता मुख्य मुद्दा, खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 300 चा चौथा अपवाद. शेजारच्या भांडणातलं जवळपास प्रत्येक अपील याच दारावर येऊन थांबतं. हा अपवाद लागू व्हायला मारामारी अचानक झालेली हवी, आधी बेत ठरलेला नको, डोकं भडकलेल्या अवस्थेत कृत्य घडलेलं हवं आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा केलेला नको. चंदीगडच्या सुरिंदर कुमार खटल्यात, 1989 साली, स्वयंपाकघराच्या ताब्यावरून वाद पेटला होता. आरोपी आत गेला, सुरी घेऊन आला आणि वार केले. सर्वोच्च न्यायालयाने चौथा अपवाद लावला. भांडणाचं कारण काय, आधी हात कोणी उचलला, हे या अपवादाला गैरलागू आहे आणि वारांची संख्या एकटी निर्णायक नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

आणि हेच मत वाचून पुढचा निकाल हातात घेतला की बुचकळ्यात पडायला होतं. 1993 च्या किकर सिंग खटल्यात न्यायालय म्हणालं की निःशस्त्र माणसावर प्राणघातक हत्यार चालवणं, प्रमाणाबाहेर मारणं हा गैरफायदाच आहे. मग घरातून सुरी आणणं कुठे मोडतं? आणायला लागलेला अर्धा मिनिट हा रागाच्या ओघातला, की डोकं थंड व्हायला पुरेसा? नानावटी खटल्यात, जो सिनेमांमुळे सर्वांच्या तोंडी आहे, प्रक्षोभ आणि कृत्य यांत सुमारे तीन तासांचं अंतर होतं आणि तिथे न्यायालयाने अचानक प्रक्षोभाचा बचाव फेटाळला. तीन तास आणि अर्धा मिनिट यांच्यामध्ये कुठे तरी रेघ आहे. ती कुठे आहे हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ‘एकच वार म्हणून तीनशे चार’ हा बाररूममधला लाडका नियमही खरा नाही. विरसा सिंगनेही एकच वार केला होता.

नागराजू निकालाचं महत्त्व इथे आहे. हत्यार बरोबर आणलं की जागेवरून उचललं, घाव मर्मावर होता का, जोर किती होता, जुनं वैर होतं का, भेट योगायोगाची होती की दबा धरलेला होता, घाव एक की अनेक, या सगळ्याची तपासयादी त्याने न्यायाधीशांच्या हाती दिली. 2023 च्या अनबझगन निकालाने हा धागा पुढे नेला. शेजारी-शेजारी शेतं, वाटेचा वाद, हातातलं शेतीचंच अवजार आणि डोक्यात एक घाव. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी तीनशे चारच्या पहिल्या भागावरून दुसऱ्यावर आणली. आपल्या बांधावरच्या भांडणांना याहून जवळचं उदाहरण क्वचितच मिळेल. शेतकऱ्याच्या हातात विळा, कुऱ्हाड, फावडं असतंच. ते ‘हत्यार घेऊन आला’ असं लिहायचं, की ‘काम करता करता आला’ असं, हे पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराच्या हातात असतं आणि पुढची वीस वर्षं त्यावर ठरतात.

पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर शेजारच्या भांडणाची म्हणून खास दुखणी आहेत. पहिलं, साक्षीदार मृताच्या घरचेच असतात. ‘हितसंबंधी साक्षीदार’ हा बचावाचा नेहमीचा बाण. पण सर्वोच्च न्यायालयाने 1953 च्या दलीप सिंग खटल्यापासून सांगितलं आहे की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला गुंतवेल हे सहसा संभवत नाही. अडचण दुसरीकडे आहे. जुन्या वैरात खऱ्या मारेकऱ्याच्या जोडीला त्याचे दोन भाऊ, बाप आणि चुलता यांचीही नावं फिर्यादीत जातात, आणि समान इराद्याचं कलम 34 सगळ्यांना एका रांगेत उभं करतं. अपिलात हीच रांग मोडते. ज्याच्या हातून घाव झाला त्याची शिक्षा कायम राहते किंवा उतरते, आणि ‘धरून ठेवलं’, ‘मारा मारा ओरडला’ एवढीच भूमिका असलेले सुटतात.

दुसरं दुखणं म्हणजे आरोपीच्या अंगावरच्या जखमा. भांडण दोन्ही बाजूंनी झालं असेल तर आरोपीचंही डोकं फुटलेलं असतं, पण सरकारी पक्षाचे साक्षीदार ते पाहिलंच नाही म्हणतात. 1976 च्या लक्ष्मी सिंग खटल्यापासून अशा न सांगितलेल्या जखमांना वजन आहे. त्यांमुळे घटनेची सुरुवातच दडवली गेली असा संशय येतो, आणि स्वसंरक्षणाचा किंवा अचानक मारामारीचा बचाव उभा राहतो. दोन्ही बाजूंच्या फिर्यादी असतील तर त्या क्रॉस केसेस एकाच न्यायाधीशाने एकापाठोपाठ एक चालवाव्यात, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या नाथी लाल खटल्यात घालून दिलं आहे.

तिसरं, मृत्युपूर्व जबाब. यावरचा पायाभूत निकाल नागपूरचा, खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य. नागपूरच्या मिल भागात दोन टोळकी एकमेकांच्या जिवावर उठलेली. 1956 च्या फेब्रुवारीत एका रात्री अरुंद गल्लीत एका तरुणावर तलवारी-भाल्यांनी हल्ला झाला. मेयो इस्पितळात त्याने आधी डॉक्टरला, मग पोलिसांना आणि नंतर दंडाधिकाऱ्यांना हल्लेखोरांची नावं सांगितली, तीही दोनेक तासांच्या आत. जबाब विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याचा टेकू नसतानाही त्यावर शिक्षा देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली ठरवलं आणि खुशालरावचं अपील फेटाळलं. पण त्याच जबाबांत नाव आलेला दुसरा आरोपी उच्च न्यायालयातच सुटला होता, कारण त्या नावाची एकाहून जास्त माणसं त्या वस्तीत होती आणि जबाबातलं वर्णन त्याच्याशी नीट जुळत नव्हतं. एकाच जबाबावर एक अडकला, एक सुटला. वस्तीतल्या खटल्यांची ही गंमत मुंबई-दिल्लीच्या पुस्तकी चर्चेत हरवून जाते.

फितूर साक्षीदारांचं वेगळं सांगायला नको. खटला उभा राहीपर्यंत गावात समेट झालेला असतो, पंच सह्या ओळखतात पण मजकूर ओळखत नाहीत. खून आणि सदोष मनुष्यवध आपसात मिटवता येत नाहीत, हे गावकऱ्यांना पटत नाही, आणि मग मिटवायचा एकच रस्ता उरतो: साक्षीत फिरणं.

आता माझा स्वतःचा मुख्य आक्षेप. आपल्या सत्र न्यायालयांत बचाव बहुतेक वेळा एकाच ठशाचा असतो: मी तिथे नव्हतोच, मला गुंतवलं. आरोपीच्या जबाबात, जुन्या कलम 313 खाली, साठ-सत्तर प्रश्नांना ‘खोटं आहे’ आणि ‘माहीत नाही’ अशी उत्तरं जातात. तोच आरोपी उच्च न्यायालयात आला की त्याचे नवे वकील म्हणतात, बरं, मारलं असं धरून चला, पण ते अचानक घडलं. कायद्याला याचं वावडं नाही. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो फिर्यादी पक्षाच्याच साक्षींमधून पेलता येतो. पण साक्षींमध्ये ते असायला हवं ना! शिवीगाळ किती वेळ चालली, काठी कोणाच्या अंगणातली, आरोपी घरात जाऊन आला का, पहिला दगड कुठून आला, हे कोणी विचारलंच नसेल तर अपिलात ते कुठून आणायचं? ‘सुटलो तर पूर्ण सुटेन’ या आशेपायी जो प्रामाणिक बचाव उपलब्ध होता तो खालच्या कोर्टात हरवतो. याला आरोपीपेक्षा वकील जास्त जबाबदार आहेत, असं मला वाटतं. सत्र न्यायाधीशही बाजूला राहू शकत नाहीत. आरोपीने न मागता चौथ्या अपवादाचा मुद्दा स्वतः काढून त्यावर चार परिच्छेद लिहिणारे निकाल आहेत, पण ते कमी आहेत.

दुसरा आक्षेप काळाचा. अपील दाखल होतं, शिक्षेला स्थगिती आणि जामीन नाकारला जातो आणि आरोपी आतच राहतो. अपील वाजवी मुदतीत ऐकता येत नसेल तर माणसाला जामिनाविना आत ठेवणं न्याय्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या कश्मीरा सिंग खटल्यात सांगितलं. तरीही आरोपीने सात-आठ-नऊ वर्षं काढल्यावर अपील सुनावणीला येतं, खंडपीठ तीनशे दोनचं तीनशे चार करतं आणि ‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ म्हणून सोडून देतं. अशा निकालात शिक्षा किती, हे कोणी तोललेलं नसतं. बोर्डावर नंबर कधी लागला यावरून ती ठरलेली असते. लवकर नंबर लागलेल्याला पाच वर्षं, उशिरा लागलेल्याला नऊ, आणि गुन्हा सारखाच. फौजदारी अपिलांच्या ढिगासाठी सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2025 ला राज्यघटनेच्या अनुच्छेद 224अ खाली निवृत्त न्यायमूर्तींना तात्पुरतं बसवण्याच्या अटी सैल केल्या. हा उपाय किती उच्च न्यायालयं मनापासून वापरतात यावर पुढचं अवलंबून आहे.

मृताच्या घरच्यांचं काय? त्यांच्या दृष्टीने तीनशे दोनचं तीनशे चार होणं म्हणजे बाप स्वस्तात गेला. 2009 साली अंमलात आलेल्या दुरुस्तीपासून त्यांना सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध स्वतंत्र अपिलाचा हक्क आहे. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर तो वापरता येतो, आणि त्यासाठी परवानगी लागत नाही, हे 2018 च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालाने पक्कं केलं. मात्र केवळ शिक्षा वाढवून मागायचा हक्क त्यात नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा करता येतो, आणि कितीतरी घरं तो करत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

नव्या संहितांनी एक चांगली गोष्ट केली आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, आणि झडती व जप्तीचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तज्ज्ञांच्या भेटीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. हे खरोखर झालं तर काठी कोणाच्या अंगणातली हा प्रश्न पंचांच्या आठवणीवर सोडावा लागणार नाही.

ज्यांच्या घरातला माणूस आज सत्र न्यायालयाची जन्मठेप घेऊन आत बसला आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे आणि प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. वकील नसेल तर तुरुंगाधिकाऱ्याकडे दिलेलं अपील चालतं, ते न्यायालयात पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याप्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. त्या वकिलाला पहिल्या भेटीत हे विचारा: साक्षींच्या कागदांत भांडणाची सुरुवात कुठे नोंदली आहे?